बास्केटबॉलसाठी उंच उडीचं वॉर्म-अप किट: पिशवीतलं काय ठेवावं, काय परत करावं

'व्हर्टिकल जंप वॉर्म-अप किट' अशा काहीतरी नावाची पिशवी ऑनलाइन दुकानांत सहज मिळते. उघडली की थोड्याफार फरकानं तोच माल निघतो: पाच छोटे रबरी लूप (वेढे), एक लांब रबरी बँड, उड्या मारायची तारेची दोरी, हातभर लांबीचा फोम रोलर आणि घोट्याला बांधायची वजनं. शेजारीच उड्यांच्या सरावाचा लाकडी खोका, म्हणजे प्लायो बॉक्स, आणि वजनी जॅकेट वेगळं घ्यायला सुचवलेलं असतं. उडी अमुक इंच वाढेल असं वर छापलेलं असेल तर ते वाचून सोडून द्यावं. वॉर्म-अपनं पायांत नवी ताकद येत नाही. आहे ती ताकद जंप-बॉलच्या वेळी, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पहिल्या उडीला, हाताशी असावी, एवढंच त्याचं काम. ताकद वाढवायची तर स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि आठवडेच्या आठवडे उड्यांचा सराव, दुसरा मार्ग नाही.

मग हे सामान पारखायचं कसं? फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत सामन्याआधी 20 मिनिटांचा अवधी आहे. शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत आधीचा सामना लांबला की त्यालाही कात्री लागते. संघात 12 जण, कोर्ट बऱ्याचदा सिमेंटचं, जवळपास जिम नाही. एवढ्या वेळात, एवढ्या मुलांना, अशा जमिनीवर जी वस्तू कामाला येते तीच घेण्यालायक. हा निकष लावला की पिशवीतला निम्मा माल बाद होतो, आणि खऱ्या स्फोटक तयारीची वस्तू, म्हणजे बॉक्स, दुकानातून नाही, सुताराकडून घ्यावी लागते.

दोरी

पिशवीतली सर्वांत स्वस्त वस्तू, आणि पहिला नंबर तिचाच. स्नायूचं तापमान एका अंशानं वाढलं की उडीसारख्या झटक्याच्या कामात साधारण 2 ते 5 टक्के फरक पडतो. बाकी कुठल्याही साधनाची जादू या साध्या उष्णतेच्या वर चढवलेली असते, त्यामुळे अंग गार असताना बॉक्सवर चढण्यात काही अर्थ नाही.

किटमधली दोरी मात्र बहुधा चुकीची असते. बारीक तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेली दोरी लाकडी कोर्टवर छान फिरते. सिमेंटवर तिचं आवरण जिथे जमिनीला घासतं तिथे लवकरच निघतं, तार उघडी पडते, तिचे धागे सुटतात आणि पोटरीवर ओरखडे उमटतात. सिमेंटसाठी 5 मिलिमीटर जाडीची साधी पीव्हीसी दोरी घ्यावी. मुठीत बेअरिंग असलं तर उत्तम, नसलं तरी चालतं. नवी दोरी वेटोळ्यांचे पीळ धरून बसते. गरम पाण्यात काही मिनिटं बुडवून सरळ टांगली की सुटते. माप सोपं आहे: दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून दोन्ही टोकं वर ओढली की मुठी काखेपर्यंत याव्यात. हात बसलेल्या खेळाडूला छातीच्या खालच्या टोकापर्यंत पुरते.

30 सेकंद उड्या, 30 सेकंद थांबा, असं चार वेळा. पहिल्या दोन फेऱ्या आरामात. पुढच्या दोन 'पोगो' पद्धतीनं, म्हणजे गुडघे जवळजवळ सरळ, सगळी उसळी घोट्यातून, टाच जमिनीला लागू द्यायची नाही. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, मुलं प्रत्येक उडीला पाय मागे दुमडतात. मग काम घोट्याचं राहत नाही, गुडघ्याचं होतं. दोन, दोरीच्या एका फेऱ्याला दोनदा उसळतात, त्यात जमिनीवरचा वेळ लांबतो. पाठ फिरवून नुसतं ऐकलं तरी कळतं: टक-टक असा कोरडा, एकसारखा आवाज हवा. धप्प आवाज आला की टाच टेकतेय. नडगीच्या आतल्या बाजूला दुखत असेल त्यानं दोरी सोडून मातीवर चार मिनिटं हलकं धावावं.

छोटे लूप

पाच रंगांचे पाच लूप, आणि रंगावरून ताण कळेल असं समजू नका. एका कंपनीचा हिरवा दुसऱ्या कंपनीच्या लाल इतका असू शकतो. त्यामुळे संघासाठी सुट्या पिशव्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊ नयेत. पाचांतले मधले दोनच वापरात येतात. सर्वांत हलका कुचकामी, सर्वांत जाड घातला की पाऊलच पडत नाही.

उपयोग एकच: बचावाच्या पवित्र्यात बाजूला चालणं. गुडघ्यांच्या वर घातला तर सोपं, घोट्याशी घातला तर कठीण, आणि चवड्यांभोवती घातला तर कुल्ल्याच्या स्नायूंना सर्वांत प्रामाणिक काम लागतं. कुल्ले मागे, छाती वर, पावलं खांद्यांइतकी रुंद. एका बाजूला 8 ते 10 पावलं, मग परत. मागचा पाय ओढत आणायचा नाही, उचलून ठेवायचा, आणि दोन पावलांमधलं अंतर कधीच इतकं कमी करायचं नाही की लूप सैल पडेल. धड डावी-उजवीकडे डोलत असेल तर लूप जड आहे, एक पायरी खाली या.

दोन मिनिटांत हे आटपायला हवं. 'ग्लूट जागे करा' म्हणत वीस-वीसचे तीन सेट मारून कुल्ल्यांची आग होईपर्यंत हा व्यायाम करणारे संघ सर्रास दिसतात. ती आग म्हणजे थकवा, आणि थकवा घेऊन कोणी उंच उडत नाही. नुसत्या लूपनं उडी वाढते याचा पुरावाही धड एकमुखी नाही. उडी मारताना गुडघे आत पडणाऱ्या खेळाडूला पवित्रा आठवून देण्याइतपत त्याचा फायदा धरावा.

रबरी लूप मांडीवर गुंडाळून दोरीसारखा होतो आणि केस ओढतो. कापडी लूप गुंडाळत नाही, पण कमी ताणला जातो आणि चवड्यांवर टिकत नाही. रबरीच घ्या, ट्रॅक पँटवरून घाला. घाम पुसून, टाल्कम पावडर लावून, सावलीत ठेवा. बाइकच्या डिकीत विदर्भातला एक उन्हाळा काढलेलं रबर चिकट होतं आणि कडेला बारीक चिरा पडतात. ताणून उजेडात धरल्यावर कडेला चीर दिसली की लूप कापून फेकायचा. बाजूला ठेवला तर कोणीतरी पुन्हा उचलतोच.

लांब बँड

104 सेंटिमीटरचा अखंड वेढा. ताण रुंदीवरून ठरतो: 22 मिलिमीटरचा हलक्या कामाला, 64 मिलिमीटरचा भारी. किटमध्ये बहुधा 13 मिलिमीटरचा टाकतात, तो पायांच्या कामाला फारच नाजूक. 22 चा एक आणि 64 चा एक असे सुटे घ्यावेत.

हलका बँड घोट्यासाठी. बँड खांबाला तळाशी अडकवायचा, दुसरं टोक घोट्याच्या पुढच्या बाजूला, अगदी सांध्यावर. नडगीवर चढला तर फायदा शून्य. खांबाकडे पाठ करून बँड ताणला जाईपर्यंत पुढे यायचं, टाच जमिनीवर दाबून ठेवायची आणि गुडघा बोटांच्या पुढे न्यायचा. प्रत्येक पायाला 10 वेळा. याची गरज कोणाला आहे ते आधी भिंतीपाशी तपासा: अंगठा भिंतीपासून 10 सेंटिमीटर मागे, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? लागला तर या व्यायामावर वेळ घालवू नका. न लागणारे बरेचसे जुन्या मुरगळीचे धनी असतात. घोटा दुमडला नाही की उडीची बैठक उथळ होते आणि उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो.

भारी बँड अशांसाठी, ज्यांचा वाटीखालचा स्नायुबंध दुखतो, म्हणजे जंपर्स नी. बँड खांबाला गुडघ्याच्या उंचीवर अडकवायचा, खांबाकडे तोंड करून दोन्ही पाय आत घालायचे आणि बँड गुडघ्यांच्या मागच्या खळीत बसवायचा. मग मागे सरकून नडग्या उभ्या ठेवत खुर्चीत बसल्यासारखं खाली जायचं आणि 45 सेकंद थांबायचं. मध्ये एक-दोन मिनिटं सोडून चार-पाच वेळा. हा एवढाच भाग 20 मिनिटांत बसत नाही, तो घरून निघण्यापूर्वी किंवा संघ यायच्या आधी उरकायचा. अशा स्थिर ताणानं बऱ्याच जणांचं दुखणं काही काळ उतरतं आणि उडी मारताना मांडी जोर लावायला कचरत नाही. वेदना सामन्यानंतर दुसऱ्या दिवशीही वाढलेली असेल तर मात्र बँड बाजूला ठेवून फिजिओ गाठा.

बास्केटच्या खांबाचे बोल्ट आणि गंज बँडचा जीव घेतात. जुना टॉवेल गुंडाळून त्यावरून अडकवा. रिंगला बँड टांगून लोंबकळत उड्या मारायचे व्हिडिओ पाहून कोणी तसं करायला गेलं तर थांबवा. रिंग वाकली की भरपाई आयोजक तुमच्याकडेच मागणार.

बॉक्स

खरी स्फोटक तयारी इथे होते, आणि विकतचा माल इथेच सर्वांत फसतो. बाजारात चालणारं माप 20 × 24 × 30 इंच, म्हणजे सुमारे 50, 60 आणि 75 सेंटिमीटर. बॉक्स कसाही फिरवला तरी सर्वांत कमी उंची 50 सेंटिमीटर. वॉर्म-अपला हवी 30! प्रशिक्षक युरी व्हेर्खोशान्स्की यांनी सोव्हिएत संघात उंचावरून उतरून उसळण्याची पद्धत बसवली तेव्हा पाऊण मीटर आणि त्याहून जास्त उंची वापरली हे खरं, पण ती कसलेल्या प्रौढ ॲथलीटसाठी आणि सरावासाठी. सामन्याआधी अकरावीतल्या मुलाला 50 वरून उतरवलं की तो टाचांवर आपटतो, जमिनीवर रेंगाळतो आणि मग उडतो. त्यात उसळी राहत नाही, नुसतं गुडघ्याला बडवणं होतं.

म्हणून सुताराकडून 30 × 45 × 60 सेंटिमीटरचा करून घ्या. 18 मिलिमीटर प्लायच्या एका 8 × 4 फुटी शीटमध्ये असे दोन बॉक्स निघतात, आणि दोनच लागतात: एका खेळाडूला तीन उतरण्यांना मिळून पंधराएक सेकंद लागतात, 12 जणांची एक फेरी तीन मिनिटांची. दोन फेऱ्या एका बॉक्सवर सहा मिनिटं खातात, दोन बॉक्सवर तीन. जोडांना आधी गोंद, मग 50 मिलिमीटरचे स्क्रू. खिळे नकोत, उड्यांनी वर येतात. आत मधोमध एक आडवी पट्टी, बाहेरच्या कडा कानसून गोल, वर पातळ रबरी मॅट. पार्टिकल बोर्ड स्वस्त म्हणून घेऊ नका, एका पावसाळ्यात फुगतो. 60 च्या बाजूवर हा बॉक्स उभा करू नये, तळ अरुंद होऊन तो कलंडतो. 30 आणि 45 याच दोन बाजू वापरायच्या.

फोमचे मऊ बॉक्स नडगी सोलू देत नाहीत, त्यामुळे बॉक्सवर चढून जायच्या उडीला नवख्यांसाठी चांगले. उतरण्यासाठी नाहीत: कडेला पाऊल रुततं, आणि हलका असला तर सिमेंटवर सरकतो.

आता प्रत्यक्ष उतरणं. कडेला उभं राहायचं, एक पाय पुढे काढायचा आणि नुसतं खाली यायचं. वर उडी मारून उतरलं तर 30 चे 45 होतात. दोन्ही पाय एकाच क्षणी, चवड्यांवर. टाच जमिनीला जेमतेम स्पर्श करून जाईल इतकीच. जमीन लागताच वर. हात आधीपासून मागे, उसळताना पुढून वर. उतरल्यावर गुडघे खोल वाकले, की तो खेळाडू उसळत नाही, बसून उठतोय. त्याला 15 सेंटिमीटरच्या पायरीवर पाठवा. परीक्षा साधी: बॉक्सवरून उतरून मारलेली उडी जमिनीवरून सरळ मारलेल्या उडीपेक्षा कमी येत असेल तर बॉक्स त्याला उंच आहे. तीन-तीनचे दोन सेट, एकूण सहा. यापुढे वॉर्म-अप राहत नाही.

बॉक्सवर किती उंच चढतो याची मुलांमध्ये पैज लागते, ती मोडून काढा. त्या उंचीत अर्धं श्रेय गुडघे छातीशी ओढण्याला असतं, आणि चुकली की नडगीची कातडी कडेवर राहते.

वजनी जॅकेट आणि इतर

जॅकेटची कल्पना खोटी नाही. शरीराच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के भार घेऊन चार-पाच जोरदार उड्या मारल्या, भार काढला आणि काही मिनिटं थांबलं, तर त्यानंतरची उडी अनेकांची थोडी वाढते. 70 किलोच्या खेळाडूला 5 किलो पुष्कळ झाले. पण 12 जणांत एक जॅकेट फिरवणं म्हणजे वेल्क्रो उघडण्या-लावण्यातच वेळ जातो, आणि तिसऱ्यानंतर ते घामानं इतकं भिजलेलं असतं की कोणी मागत नाही. एकट्यानं सराव करणाऱ्यानं हवं तर घ्यावं, पातळ लोखंडी पट्ट्यांचं आणि अंगाला घट्ट बसणारं. वाळू भरलेलं प्रत्येक उडीला वर उसळून हनुवटीशी येतं. संघाला अडीच-अडीच किलोचे दोन डंबेल पुरतात. हात खाली सरळ, झोका नाही.

घोट्याची वजनं परत करा. पाय फेकताना ती गुडघ्याच्या सांध्याला खेचतात आणि उडीचा ताल बदलून टाकतात. टाच अधांतरी ठेवणारे जाड चवड्याचे बूटही त्याच रांगेतले. टाचेच्या शिरेवर सतत ताण, हाती काही नाही.

फोम रोलर ठेवला तर हरकत नाही. मांडी आणि पोटरीवर 30 ते 60 सेकंद फिरवल्यानं थोडा वेळ मोकळं वाटतं, ताकद घटत नाही, उडीही वाढत नाही. सामन्याच्या दिवशी तो बसमध्येच राहू द्या.

जिममधली भारी पद्धतही लोक विचारतात: कमाल वजनाच्या 85-90 टक्क्यांवर दोन-तीन स्क्वॉट, मग पाच ते आठ मिनिटांनी उड्या. स्वतःच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट स्क्वॉट करणाऱ्यांना ती मानवते, कच्च्यांना नुसती दमवते. शिवाय कोर्टच्या कडेला रॅक कोण आणून ठेवणार?

20 मिनिटांत बसवताना

दोरी चार मिनिटं, लूप दोन. पुढची चार मिनिटं बेसलाइनपासून मध्यरेषेपर्यंतच्या 14 मीटरमध्ये: चालत लंजेस (लांब पाऊल टाकून गुडघे वाकवणं), पाय सरळ पुढे-मागे झुलवणं, उंच गुडघे, कॅरिओका (पाय पुढून-मागून ओलांडत बाजूला धावणं), बचावाची स्लाइड, शेवटी दोन वेगवान धावा. मग दोन बॉक्सवर तीन मिनिटं. तेराव्या मिनिटाला लेअपच्या (धावत येऊन जवळून बास्केट करण्याच्या) रांगा लावायच्या, आणि हा क्रम उलटा करायचा नाही. बॉक्सनंतर लगेच पाय जड असतात. थकवा उतरायला आणि वाढलेली चपळाई वर यायला तीन-चार मिनिटं लागतात. लेअपच्या रांगेत प्रत्येक जण बराच वेळ नुसता उभा असतो, तीच त्याची विश्रांती.

गोल करून बसून एकेक स्नायू मिनिटभर ताणून धरायची जुनी सवय यातून काढावी. एका स्नायूला 60 सेकंदांहून जास्त ताणलं की त्याचा जोर काही काळ कमी होतो. कोणाला ताणल्याशिवाय चैन पडत नसेल तर 15-20 सेकंद, तेही दोरीनंतर लगेच, उड्यांच्या आधी.

चौदाच्या आतल्या मुलांना जॅकेट आणि डंबेल नको. वाटीच्या खाली हाडाचा उंचवटा दुखत असेल तर बॉक्सही नको, वाढत्या वयात ती जागा नाजूक असते.

पैसे वसूल झाले का हे सरावाच्या दिवशी खडूनं बघता येतं. बोटांना खडू लावून भिंतीशी उभ्यानं एक खूण, मग साध्या धावण्यानंतर तीन उड्या, सर्वांत उंच खूण मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पूर्ण क्रम करून, बॉक्सनंतर दोन, चार आणि सहा मिनिटांनी उड्या मारून पाहा. एक-दोन सेंटिमीटरचा फरक मोजण्याच्या चुकीतही जातो, म्हणून तीन-चार वेळा करा. कोणी दोन मिनिटांत तयार होतो, कोणाला सहा लागतात, एखाद्याची उडी बॉक्सनंतर दर वेळी घटतेच; त्याला सामन्याच्या दिवशी बॉक्स देऊ नये.

राहिला बाकावरचा खेळाडू. मध्यंतर 15 मिनिटांचं, त्यात कमावलेली ऊब बरीचशी निघून जाते, आणि सहावा-सातवा खेळाडू तर पहिल्या क्वार्टरपासून बसलेला असतो. मध्यंतराची शेवटची तीन मिनिटं दोरी, दोन धावा आणि चार पूर्ण ताकदीच्या उड्या यांसाठी राखायची. क्वार्टरमधल्या दोन मिनिटांच्या खंडात बाकावरच्यांनी बाकामागे उभं राहून दहा-दहा पोगो मारावेत. त्यासाठी दोरीही लागत नाही, फक्त कोचनं आठवण करावी लागते.